थांबण्याची ताकद

हे पुस्तक अशा माणसांसाठी आहे, ज्यांना पगार नाही पण काम आहे. विरार पूर्वेला मनवेलपाड्यात अशी माणसे जवळपास प्रत्येक इमारतीत सापडतात. कुणी मालिकेचे भाग संकलित करतो, कुणी इंग्रजी मजकूर मराठीत आणते, कुणी डबिंगला आवाज देते. कुणी लग्नसराईत कॅमेरा धरतो आणि पावसाळ्यात घरी बसून व्हिडिओ एडिट करतो, तर कुणी तीन दुकानांचे हिशेब स्वयंपाकघराच्या टेबलावर लिहिते. नायगावला मालिकांचे सेट आहेत, अंधेरी-गोरेगावचे स्टुडिओ लोकलने गाठता येतात आणि इथले घरभाडे मुंबईपेक्षा कमी आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेला पहिली उपनगरी गाडी धावली, तेव्हापासून हा परिसर मुंबईला माणसे पुरवत आला आहे. आता त्यातल्या अनेकांना रोज गाडी पकडावी लागत नाही. त्यांचे काम तेवढे मुंबईला जाते.

या कामाचे करार दोन टोकांचे असतात. एका टोकाला वीस पानांची इंग्रजी पीडीएफ येते आणि सोबत निरोप येतो : आज संध्याकाळपर्यंत सही करून पाठवा, उद्या शूट आहे. दुसऱ्या टोकाला करार म्हणजे व्हॉट्सअॅपवरची एक ओळ असते : करून टाक, पैशांचे बघू. पहिल्या प्रकारात सगळे लिहिलेले असते, पण ते एकाच बाजूने लिहिलेले असते. दुसऱ्या प्रकारात काहीच लिहिलेले नसते, म्हणून भांडण झाले की बलवानाची आठवण खरी ठरते. दोन्ही ठिकाणी काम करणारा माणूस शेवटी एकाच जागी पोचतो. तो फोन करत राहतो आणि पलीकडून उत्तर येते, बिल अकाउंटला टाकले आहे, साहेबांची सही राहिली आहे, पुढच्या आठवड्यात बघतो.

करारातल्या न्यायाबद्दल बोलताना आपण बहुधा बोलण्याच्या कौशल्याबद्दल बोलतो. रेट कसा मागावा, नाही कसे म्हणावे, आत्मविश्वास कसा दाखवावा, यावर सल्ले पुष्कळ मिळतात. त्या सल्ल्यांचा थोडा उपयोग होतो, हे खरे. पण ज्याच्या घरभाड्याची तारीख पाच आहे आणि खात्यात दोन हजार आहेत, त्याला कितीही चांगले बोलता आले तरी समोरच्याला ठाऊक असते की हा आज 'हो' म्हणणारच आहे. वाटाघाटीत जो जास्त दिवस थांबू शकतो, त्याच्या अटी चालतात. काम देणाऱ्याकडे दुसरे दहा जण असतात, भांडवल असते, वकील असतो. त्याला थांबायला काही पडत नाही. काम करणाऱ्याला प्रत्येक दिवस महाग पडतो. करारातली विषमता इथून सुरू होते, आणि म्हणून एखादी अट न्याय्य आहे का, हे तपासताना पहिला प्रश्न असा विचारावा : ही अट कुणाला थांबायला लावते आणि किती दिवस? या पुस्तकाची सगळी प्रकरणे या एका प्रश्नाभोवती उभी आहेत.

या थांबण्याची किंमत आकड्यात मांडता येते. टेलिव्हिजनच्या धंद्यात नव्वद दिवसांनी पैसे देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे. समजा, एक संकलक दरमहा ४० हजारांचे काम करतो आणि प्रत्येक बिल नव्वद दिवसांनी मिळते. म्हणजे त्याचे १ लाख २० हजार रुपये कायम दुसऱ्याकडे अडकलेले असतात. एवढी रक्कम त्याने निर्मात्याला बिनव्याजी वापरायला दिलेली असते, आणि तीही कुणी न मागता. तेवढ्या काळात घर चालवायला त्याने महिना दोन टक्के व्याजाने ४० हजार उचलले, तर तीन महिन्यांत २,४०० रुपये व्याजात जातात. करारावरचा रेट ४० हजार असतो, हातात पडतात ३७,६००. याबद्दल कुणी घासाघीस केलेली नसते, कुणी भाव पाडलेला नसतो. कॅलेंडरने सहा टक्के कापून घेतलेले असतात.

यात प्रत्येक वेळी काम देणारा लबाडच असतो असे नाही. वाहिनी निर्मात्याला उशिरा पैसे देते, ब्रँड एजन्सीला उशिरा देतो, एजन्सी डिझायनरला. साखळीतला प्रत्येक जण आपल्या अंगावर आलेला उशीर खाली ढकलतो आणि ज्याच्या खाली कुणी नाही, त्याच्याजवळ तो येऊन साचतो. साखळीत सर्वांत कमी पैसा असलेला माणूस वरच्या सगळ्यांना उधार देत बसतो. 'वरून पैसे आले की देऊ' ही अट म्हणूनच अन्यायकारक आहे. वरून पैसे केव्हा येतील यावर अनुवादिकेचा किंवा आवाज देणाऱ्याचा काहीच ताबा नसतो. जो ताबा ठेवू शकतो, त्याने जोखीम घ्यावी.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला. संपाच्या मागण्या काय होत्या, कोण चुकले, यावर चाळीस वर्षे वाद चालू आहे. पण त्या संपातली एक गोष्ट निर्विवाद आहे : मालक थांबू शकले, कामगार थांबू शकले नाहीत. अनेक मालकांना जुन्या गिरण्या चालवण्यापेक्षा बंद पडलेल्या परवडत होत्या आणि काही काम यंत्रमागांकडे वळवता येत होते. कामगारांना गावी जावे लागले, भांडी-दागिने विकावे लागले. पुढे गिरणगावातल्या खोल्या सोडून कितीतरी कुटुंबे नालासोपारा-विरारकडे आली. आज मनवेलपाड्यात लॅपटॉपवर काम करणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या घरात ती गोष्ट आजोबांकडून ऐकलेली आहे. ती ऐकून अनेकांनी एकच धडा घेतला की एकत्र येण्यात अर्थ नाही. मला तो धडा अपुरा वाटतो. एकजूट होतीच, समोरच्याला थांबणे महाग पडेल अशी वेळ आणि जागा मात्र हाताशी नव्हती.

याच महाराष्ट्रात उलट उदाहरणही आहे. बीड, अहिल्यानगर, जालना भागांतून ऊसतोडीला निघणारे जोडपे, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून आधी उचल घेते. उचल घेतलेला कोयता एकटा असताना अगदी दुबळा असतो, कारण तो पुढच्या सहा महिन्यांचे श्रम आधीच विकून बसलेला असतो. पण हेच मजूर संघटनेमार्फत दरवाढीची मागणी करतात, तेव्हा गाळप हंगाम त्यांच्या बाजूने उभा राहतो. ऊस तोडायला उशीर झाला तर त्याचे वजन आणि उतारा घटतो आणि कारखान्याचे बॉयलर रिकामे राहतात. इथे कारखान्याला थांबता येत नाही. म्हणूनच तोडणीचे दर कारखान्यांचा संघ आणि मजुरांच्या संघटना यांच्यातल्या काही वर्षांच्या करारांनी ठरतात, आणि जानेवारी २०२४ मध्ये ऐन हंगामात ३४ टक्के दरवाढ ठरली. एकट्याने मुकादमासमोर बसून हा आकडा कुणालाही मिळाला नसता. त्या मजुरांचे हाल या दरवाढीने संपलेले नाहीत, उचलीचा फासही सुटलेला नाही. पण फ्रीलान्सरने शिकावे असे त्यात पुष्कळ आहे. मालिकेचा भाग आज रात्री साडेआठला दाखवायचा असतो, तेव्हा संकलकाशिवाय कुणाचे चालत नाही. त्याची ताकद काम सुरू होण्याआधी आणि काम चालू असताना असते. फाइल पाठवून दिली की ती संपते. म्हणून सगळ्या अटी आधी ठरवायच्या, ॲडव्हान्स आधी घ्यायचा आणि अंतिम फाइल शेवटच्या हप्त्याशी जोडायची.

तिसरे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते, ते माथाडींचे. माथाडीला एक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या वखारीत, अशी टोळी फिरत असते. एक मालक नाही म्हणून प्रॉव्हिडंट फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, हा युक्तिवाद त्यांनाही ऐकवला जात असे. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीतून महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. त्याने व्यापारी आणि कामगार यांच्यामध्ये एक मंडळ बसवले. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ कामगाराला मजुरी देते आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधोपचार यांची सोय करते. मजुरीसाठी गाळ्याच्या दारात उभे राहण्याची वेळ त्यामुळे टळते. या कायद्याच्या अंमलबजावणीत दोष आहेत, मंडळांवर टीकाही झाली आहे. तरीही पन्नास वर्षांपूर्वी आपल्याच राज्याने हे सिद्ध केले की ज्याला कायमचा मालक नाही, त्यालाही सुरक्षा देता येते. संकलक आणि सबटायटल लिहिणारी यांना ती देता येणार नाही असे कुणी म्हणाले, तर त्याला माथाडी मंडळाचा पत्ता द्यावा.

आता कायदा काय देतो ते पाहू. आपला करार कायदा १८७२चा आहे. तो स्वेच्छेने दिलेली संमती मागतो आणि दमदाटी, फसवणूक, अनुचित प्रभाव यांनी घेतलेली संमती मोडून काढतो. पण गरजेने दिलेली संमती त्याला संमतीच वाटते. एखादी अट निव्वळ अन्यायकारक आहे म्हणून रद्द करावी, असे सरळ कलम त्यात नाही. विधी आयोगाने १९८४ मध्ये १०३व्या आणि २००६ मध्ये १९९व्या अहवालात अन्याय्य अटींसाठी स्वतंत्र तरतूद सुचवली होती. तसा कायदा झाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात म्हटले की दोन पक्षांची ताकद अत्यंत विषम असेल आणि दुबळ्याला सही करण्यावाचून पर्याय नसेल, तर तसली अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून निरर्थक ठरू शकते. हा मोठा निकाल आहे. मात्र तो सरकारी महामंडळाच्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत होता, आणि दोन्ही बाजू व्यापारी असतील तिथे हे तत्त्व लागू होणार नाही, असेही त्यातच म्हटले आहे. फ्रीलान्सरला कायदा कागदोपत्री व्यापारी समजतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' ही संकल्पना आली, एकतर्फी रद्द करण्याची अट तिथे अन्याय्य ठरू शकते; पण ते संरक्षण वस्तू आणि सेवा विकत घेणाऱ्याला आहे. फ्लॅट घेताना जे संरक्षण मनवेलपाड्यातल्या डिझायनरला मिळते, ते स्वतःचे श्रम विकताना मिळत नाही. हा विरोधाभास कायदेमंडळाने दूर करायला हवा.

असे असले तरी हातात काहीच नाही असे समजू नये. सर्वांत कमी वापरले गेलेले हत्यार म्हणजे २००६चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, ज्याला सगळे एमएसएमई कायदा म्हणतात. हा कारखान्यांचा कायदा आहे असा समज आहे. सेवा देणारी एकटी व्यक्तीही त्यात सूक्ष्म उपक्रम म्हणून नोंदवता येते. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही. नोंदणी झाल्यावर काय मिळते ते नीट वाचावे. पैसे किती दिवसांत द्यायचे हे लेखी ठरले असेल तर ती मुदत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही. काहीच लेखी ठरले नसेल तर १५ दिवस. कामाबद्दल तक्रार असेल तर ती काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी यायला हवी. नाही आली तर काम दिले त्या दिवशीच ते स्वीकारले गेले असे धरले जाते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. बँक दर ६ टक्के धरला तर हे १८ टक्के होते. करारात नव्वद दिवस लिहिले असले तरी कायदा त्याच्या वर आहे.

याच कायद्यातल्या आणखी दोन गोष्टी आपल्यासारख्या शहराच्या टोकाला राहणाऱ्यांसाठी फार महत्त्वाच्या आहेत. बहुतेक छापील करारांत शेवटी लिहिलेले असते की वाद झाल्यास दिल्ली किंवा बंगळुरूच्या न्यायालयात जावे. विरारहून दिल्लीला कुणी चाळीस हजारांसाठी जात नाही, हे लिहिणाऱ्याला माहीत असते. एमएसएमई कायदा म्हणतो की देशात खरेदीदार कुठेही असला तरी पुरवठादार जिथे आहे, थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या तिथल्या सुलभीकरण परिषदेला प्रकरण ऐकण्याचा अधिकार आहे. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाली फूड्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पक्षांमधल्या लवादाच्या करारापेक्षा हा कायदा वरचढ आहे. दुसरी गोष्ट म्हणजे परिषदेच्या निवाड्याविरुद्ध खरेदीदाराला न्यायालयात जायचे असेल तर निवाड्यातल्या रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. थांबण्याची किंमत इथे पहिल्यांदा उलट्या बाजूला लागते. परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अनेकदा त्याहून जास्त वेळ लागतो, हे वाचकाने गृहीत धरावे. नोंदणीआधीच्या व्यवहारांना हे संरक्षण मिळते का, यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत, म्हणून नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवावी. त्याशिवाय २०२३च्या वित्त अधिनियमाने आयकरात एक तरतूद आणली : सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा दाखवता येत नाहीत. मार्च महिन्यात अकाउंट विभागाला पाठवलेल्या बिलावर उद्यम क्रमांक असला की फोन न करताही हालचाल होते, ती या तरतुदीमुळे.

पैशांच्या खालोखाल प्रश्न हक्कांचा आहे, आणि इथे अज्ञानाने होणारे नुकसान कायमचे असते. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, पण फ्रीलान्सर नोकरीत नसतो. लेख, अनुवाद, पटकथा यांचा पहिला मालक लिहिणाराच असतो. छायाचित्राचे तसे नाही : पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा मालक, वेगळे ठरले नसेल तर, पैसे देणारा होतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्याने आणि कथा लिहिणारीने एकच नमुना-करार वापरला तर दोघांपैकी एकाचे नुकसान होणार, ते यामुळे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो; त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत असे कायदा धरतो. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात दुसरे काही लिहिले नसल्यास, तो परत येतो. २०१२च्या दुरुस्तीने त्यात भर घातली : करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हते किंवा वापरात नव्हते, त्याचा हक्क त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय जात नाही, आणि चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या साहित्य-संगीताच्या लेखक-संगीतकाराला रॉयल्टीचा वाटा सोडून देता येत नाही. 'सोडून देता येत नाही' हे शब्द महत्त्वाचे आहेत. दुबळ्याच्या हातून सही घेऊन ज्यावर पाणी सोडवता येते, तो हक्क फार दिवस टिकत नाही, हे कायद्याने इथे ओळखले. मुदत आणि प्रदेश यांच्या बाबतीत कायद्याने दिलेली भेट मात्र 'कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात, आजच्या आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत' अशा एका वाक्याने परत घेतली जाते. ते वाक्य खोडून पाच वर्षे आणि भारत लिहावे, अशी मागणी निदान करावी. आवाज देणाऱ्यांनी आता एक अट वेगळी लिहून घ्यायला हवी : या आवाजावरून यंत्राने नवा आवाज तयार करता येणार नाही, करायचा असेल तर वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे.

'आमच्यासाठी केले आहे म्हणून वर्षभर दुसरीकडे करू नका' या अटीबद्दलही लोक फार घाबरतात. करार चालू असतानाचे बंधन न्यायालये बहुधा मान्य करतात. करार संपल्यानंतरचे बंधन करार कायद्याच्या २७व्या कलमाखाली निरर्थक ठरते. आपल्या श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानचे उदाहरण यात सगळ्यांनी लक्षात ठेवावे. त्याच्या जाहिरातींचे व्यवस्थापन करणाऱ्या परसेप्ट डी'मार्क या कंपनीशी त्याचा २००० ते २००३ असा करार होता. करार संपल्यावरही दुसऱ्या कुणाचा प्रस्ताव आला तर आधी आम्हाला विचारावे, अशी अट त्यात होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट करार संपल्यानंतर लागू होऊ शकत नाही असा निकाल दिला. त्याच्याकडे नाव होते, वकील होते. पण त्या निकालातले तत्त्व मनवेलपाड्यातल्या ग्राफिक डिझायनरलाही तितकेच लागू आहे.

पुरावा ठेवण्याची सवय हा या पुस्तकातला सर्वांत साधा आणि सर्वांत उपयोगी भाग आहे. २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने ईमेलवरचे करारही मान्य केले आहेत. म्हणून कुणी फोनवर काम सांगितले तर फोन ठेवल्यावर लगेच चार ओळींचा मेल पाठवावा : काम काय, किती, कधीपर्यंत, रक्कम किती, कोणत्या तारखेला, बदल दोन वेळा मोफत, नंतर अमुक रुपये, काम मध्येच थांबवले तर झालेल्या कामाचे पैसे. शेवटी लिहावे, यात काही चुकले असेल तर कळवा, नाहीतर उद्या सकाळी काम सुरू करते. करार मागितला तर काम जाईल अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी हा मार्ग घ्यावा; यात कुणाकडे सही मागावी लागत नाही. कापलेल्या टीडीएसची आयकर खात्यातली नोंदही जपावी, व्यवहार झालाच नाही असे म्हणणाऱ्याला ती उत्तर असते. आणि पैसे मागण्याचा दावा करायला साधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे, तीही ध्यानात ठेवावी. गोड बोलून ती संपवली जाते.

इतके सांगूनही मी हे लपवणार नाही की एकट्या माणसासाठी कायदा अपुरा आहे. परिषदेकडे तक्रार केली की पुढचे काम मिळत नाही, ही भीती खरी आहे आणि ती कलमांनी जात नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या चित्रपट-टेलिव्हिजन लेखकांनी १४८ दिवस काम थांबवले आणि यंत्रलेखनाबद्दलच्या अटी मिळवल्या. संघटना, संकटनिधी आणि आधीपासून असलेला सामूहिक करार यांच्यामुळे त्यांना ते दिवस काढता आले. न्यूयॉर्क शहरात मे २०१७ पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे ८०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला लेखी करार सक्तीचा आहे, तारीख ठरली नसेल तर ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि न दिल्यास दुप्पट भरपाई मिळू शकते. त्या कायद्यासाठी फ्रीलान्सरांच्याच संघटनेने झटून काम केले होते. आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहितेत गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांचा उल्लेख आला, पण तिचा रोख ॲपवरून चालणाऱ्या कामांवर आहे. थेट ग्राहकासाठी काम करणाऱ्या अनुवादिकेला त्याचा फारसा उपयोग नाही. एकत्र येण्यालाही मर्यादा आहेत. २०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चित्रपट-कामगार संघटनांच्या काही अटी, उदाहरणार्थ फक्त सभासदांनाच काम द्यावे ही, स्पर्धाविरोधी ठरवल्या. म्हणून दुसऱ्याचे काम अडवणाऱ्या एकजुटीपेक्षा माहिती वाटून घेणारी आणि अडचणीत सांभाळून घेणारी एकजूट आज जास्त उपयोगाची आहे. कोण किती दिवसांनी पैसे देतो, कोणत्या अटी खोडायला तयार होतो, हे एकमेकांना सांगणे. ज्याचे बिल अडकले, त्याला महिनाभर पुरेल असा छोटा निधी किंवा भिशी चालवणे. भाव पाडून दुसऱ्याचे काम न घेणे. मनवेलपाड्यात एकाच इमारतीत तीन संकलक राहतात आणि एकमेकांचा रेट त्यांना ठाऊक नसतो. या मौनाचा फायदा फक्त काम देणाऱ्याला होतो.

आणि एक मागणी सरकारकडे. माथाडी कायदा ज्या राज्याने केला, त्याच राज्याने सुट्ट्या बौद्धिक आणि कलाकामासाठी तसेच मंडळ करून दाखवावे. काम देणाऱ्याने रक्कम आधी मंडळाकडे भरावी, काम पोचले की ठरलेल्या दिवशी ती काम करणाऱ्याच्या खात्यात यावी आणि थोड्याशा लेव्हीतून आजारपण-म्हातारपणाची सोय व्हावी. तीस दिवसांत पैसे, लेखी करार आणि दोन्ही बाजूंना सारख्याच अटी, एवढे कायद्यात आले तर प्रामाणिक निर्मात्याचाही फायदाच आहे, कारण आज बिल बुडवणारा त्याच्यापेक्षा स्वस्तात मालिका काढतो.

या पुस्तकात पुढे छापील करारांतल्या अटी एकेक करून घेतल्या आहेत; प्रत्येकीचा साधा मराठी अर्थ, तिच्यामुळे कुणाला थांबावे लागते ते, आणि तिच्याऐवजी मागता येईल असे वाक्य दिले आहे. ज्यांनी आपले करार नावे झाकून वाचायला दिले, त्यांच्यामुळे हे शक्य झाले. पुस्तक सांभाळून कपाटात ठेवू नका. हातात आलेल्या पुढच्या पीडीएफशेजारी ते उघडून ठेवा, समासात लिहा, न पटलेली अट खोडून पाठवा आणि उत्तर काय आले ते शेजारच्याला सांगा. दहा जणांनी एकच ओळ खोडली की पुढच्या छपाईत ती ओळ येत नाही. करार लिहिणाऱ्यांनाही आपल्या कामासाठी माणसे लागतातच.

मनवेलपाडा, विरार (पूर्व)